"आमच्या गावात काही झालं नाही" म्हणतात, तेव्हा काय विचारायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: नागभीडकडच्या एका गावात तुम्ही शिकवता. इंग्रजांच्या काळात इथल्या तरुण पोरांनी आपली बोली, आपली रीत, आपला पेहराव कसा टिकवला, यावर सातवी-आठवीच्या मुलांकडून उपक्रम करून घ्यायचा आहे. पण गावात कोणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, "आमच्या गावात काही झालं नाही, जे झालं ते चिमूरले." मग उपक्रम सोडावा, की सगळ्यांकडून चिमूरवरच लिहून घ्यावं?

सोडू नका. चिमूरवरही नको, तो निबंध मुलं अर्ध्या तासात मोबाईलवरून उतरवून देतील.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला, हायस्कूलमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी मुलांना घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जायचो, वह्या भरायचो. पहिली चार-पाच वर्षं मलाही हेच उत्तर मिळायचं, फक्त "चिमूर"च्या जागी "आष्टी" यायचं. नंतर लक्षात आलं की घोळ माझ्या विचारण्यात होता. आपण "काय झालं होतं?" असं विचारतो. "झालं" म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं गोळीबार, जाळपोळ, पोलीस ठाणं येतं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला आणि आष्टीला तेच झालं. चिमूरला बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा गोळीनं गेला. आष्टीला तर गावाच्या नावापुढंच "शहीद" लागलं. त्या मापानं मोजलं तर बाकीच्या हजारो गावांत खरंच काही झालं नाही.

पण तुम्हाला जे हवंय ते घटनेत सापडायचं नाही, सवयीत सापडेल. परक्यासारखं व्हायला नकार देणं ही रोजची गोष्ट असते: काय घातलं, काय घातलं नाही, शाळेत कोणती प्रार्थना पुटपुटली, मिठाई घेतली की मागे ठेवली, कोणत्या बोलीत शिवी दिली. याची तारीख नसते, म्हणून माणसं सांगत नाहीत. "हे काय सांगायचं?" असं त्यांना वाटतं.

एक किस्सा सांगतो, त्यात माझीच फजिती आहे. १९९४ च्या सुमारास आर्वी तालुक्यातल्या एका गावात ऐंशीच्या घरातले एक आजोबा भेटले. विदेशी कापडाच्या होळीचं त्यांनी असं काही वर्णन केलं की आमची पोट्टी तोंड उघडं टाकून ऐकत होती. १९३० साल, चौकात पेटलेली होळी, आणि त्यात यांनी अंगातला कोट काढून टाकला. मी भराभर लिहून घेतोय, तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला: "काहीबी नोका सांगू त्या लेकराईले. कोट अजून पेटीत हाये!"

आजोबा गप्प. आजीनं लोखंडी पेटी ओढत बाहेर आणली, कमरेची किल्ली काढली, उघडली. डांबरगोळ्यांचा वास. वर लुगडी, खाली टकळी आणि पेळू गुंडाळलेलं फडकं, त्याच्याखाली खरोखर कोट. काळा, कोपरावर झिजलेला. आजोबा हसले आणि म्हणाले, "फाटका होता तो टाकला होळीत. हा लग्नात घालाचा होता न बाप्पा."

मी वही मिटली. मला वाटलं, गेली आपली सकाळ. आज वाटतं, माझ्या सगळ्या वह्यांमधली ती सगळ्यात खरी नोंद. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, एक कोट जाळतो, दुसरा लग्नासाठी ठेवतो, आणि दोन्ही मनापासून करतो. कोटाखाली न शिवलेलं एक कापड होतं. त्याच्या टोकावर निळा छाप अर्धा पुसलेला होता: नागपूरच्या एम्प्रेस मिलचा. ही गिरणी जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केली आणि नाव दिलं राणी व्हिक्टोरियाच्या पदवीवरून, कारण त्याच वर्षी ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. म्हणजे कापड स्वदेशी, नाव राणीचं. यातलं आपलं किती आणि परकं किती, हे तुमच्या आठवीच्या मुलांना विचारून पाहा. माझ्या वर्गात त्यावर दोन तास भांडण झालं होतं आणि मी मध्ये पडलो नाही.

म्हणून पहिला नियम: मत विचारू नका, वस्तू विचारा. "तुमच्या वडिलांचा इंग्रजांना विरोध होता का?" याला सगळे "हो" म्हणतील. त्याऐवजी "टोपी कुठली घालायचे, आणि कचेरीत जाताना तीच घालायचे का?" हे विचारा. उत्तराआधी माणूस थांबतो, आठवतो. "घरात टकळी होती का, कोण चालवायचं, नंतर तिचं काय केलं?" हेही चालतं. १९४२ ला बारा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे, त्यामुळे तुम्हाला बहुतेक ठिकाणी मुलं-सुना भेटतील. त्यांना वडिलांचे विचार नसतील ठाऊक, पण पेटीत काय होतं ते पक्कं ठाऊक असतं. सुनांना जास्त.

आता काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत, त्या इथं बसून मी सांगू शकत नाही.

एक म्हणजे गाव कोणत्या राज्यव्यवस्थेत होतं. विदर्भ म्हणून आपण एक समजतो, पण वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग यांचा कारभार वेगळा होता. वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांकडे आलं आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं गेलं. तिथं रयतवारी, शेतकऱ्याचा थेट सरकारशी संबंध. तुमचा चांदा (म्हणजे आताचा चंद्रपूर) जिल्हा भोसल्यांच्या राज्यातला, ते १८५४ मध्ये डलहौसीनं खालसा केलं. तिथं आली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार मध्ये आला. म्हणजे तुमच्या गावातल्या पोराला इंग्रज बहुधा आयुष्यात दिसलाच नसेल. त्याला दिसायचा मालगुजार, पटवारी आणि जंगलाचा नाकेदार. मालगुजार काँग्रेसकडे झुकलेला असेल तर गावात टोप्या दिसतील, सरकारकडे झुकलेला असेल तर लोक गप्प बसतील. वाड्याबद्दल विचारताना जपून विचारा, त्या घराण्याची माणसं अजून गावात असतात.

दुसरं, जंगल किती जवळ होतं. तुमच्याकडे हे फार महत्त्वाचं. १८७८ आणि मग १९२७ चा वनकायदा आला आणि जे काल आपलं होतं, ते गवत, मोळी, मोहफूल, ते निस्ताराच्या, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याच्या, परवानगीचं झालं. जुलै १९३० मध्ये बापूजी अणे पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह करतात, तेव्हा त्यात शहरी पुढारी दिसतात, पण विळा धरायला गावातली पोरंच होती. वऱ्हाडात त्याच्या आधी एप्रिलमध्ये दहीहंड्याला मीठ झालं. समुद्र नाही तर खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं खारं पाणी आटवलं. मला हे नेहमी आवडतं: दांडीचं अनुकरण करायचं ठरवलं, पण पाणी आपल्याच विहिरीचं. तुमच्या गावात मीठ नसेल झालं. पण "नाकेदाराला कोण कसं चकवायचं" हे विचाराल तर संध्याकाळ पुरणार नाही.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. "आपली संस्कृती" म्हणजे कोणाची? तुमच्या वर्गात गोंड-माना घरची मुलं असतील, पूर्वीच्या महार घरची असतील, कुणबी-तेली असतील. सगळ्यांच्या आज्याची गोष्ट एकसारखी येणार नाही, आणि ती एकसारखी करायला जाऊ नका.

१८५८ ला इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके घ्या. १२ मार्च १८३३ चा जन्म, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. पंचवीस वर्षांचा तरुण. त्याचं शिक्षण रायपूरला इंग्रजी शाळेत झालं असं सांगतात. सरकारला हवा तसा एखादा मध्यस्थ तो सहज झाला असता. त्यानं परत येऊन लढायला जंगोम दल नावाची फौज उभी केली, त्यात गोंड तर होतेच, माडिया, रोहिलेही होते. इंग्रजी शिकून इंग्रजांचा न होणं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. पण गडचिरोलीकडच्या गोंड-माडिया गावांतली मुलं याची दुसरी बाजू सांगतील. गोटुलमध्ये, म्हणजे गावातल्या तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घरात, पोरंपोरी गाणी, नाच, कामाच्या पद्धती, कुळाच्या गोष्टी शिकायची. ते सगळं साहेबाला जसं रानटी वाटलं, तसंच आपल्या मराठी मास्तरलाही वाटलं. गोंडी बोलल्याबद्दल छडी खाल्लेली माणसं मला भेटलीत, आणि छडी मारणारा गोरा नव्हता. तुमच्या वर्गातलं एखादं गोंड मूल हे घरून ऐकून आलं, तर ते उपक्रमात घ्या. "हा विषयच नाही" म्हणू नका. हाच विषय आहे.

आणि महार वस्तीत गेलात की चित्र पुन्हा फिरतं. तिथल्या तरुणाला इंग्रजी शाळा, इंग्रजी बूट, कोट हे स्वतःला गमावणं वाटलं नाही. गावानं ठरवून दिलेला पेहराव, गावानं ठरवून दिलेलं काम, हेच त्याला नको होतं. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे १९०७ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढतात. जुलै १९४२ मध्ये, म्हणजे चिमूर-आष्टीच्या जेमतेम महिनाभर आधी, नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा पक्ष स्थापन होतो, तिथं महिला परिषद भरते आणि हजारो बाया गावोगावहून पोचतात. बाबासाहेबांचा सूट पाहून त्यातला कोणी "साहेबाची नक्कल" म्हणाला नाही. तेव्हा तुमच्या एखाद्या विद्यार्थिनीनं सांगितलं की "आमच्या पणजीनं नागपूरला जाऊन लुगडं नेसण्याची रीत बदलली", तर तेही नाकारणंच आहे. फक्त नाकारलं काय, ते वेगळं.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टींना एकच प्रश्न जोडतो: त्या वयात काय उचललं आणि काय ठेवून दिलं? पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून ऑक्सफर्डला गेले, वेदांवर डॉक्टरेट केली, बॅरिस्टर झाले आणि अमरावतीला येऊन १९२७ मध्ये अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहात उभे राहिले. साहेबाची पदवी घेतली, पण वापरली आपल्या गावातल्या जुन्या अन्यायावर. अमरावतीचा हनुमान आखाडा १९१४ चा. तिथली पोरं दंड-बैठका, मल्लखांब, लेझीम करायची. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी तिथं जाऊन हेच खेळ दाखवले, म्हणजे आपलं ठेवलं आणि नेलंही. तुकडोजी महाराज १९४२ ला तेहतीस वर्षांचे. खंजिरी घेऊन आष्टी-चिमूरच्या पोरांपुढे भजनं म्हणायचे, मराठीत आणि हिंदीतही. ऑगस्टमध्ये त्यांना चांद्यात पकडून नागपूर, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बंदूक हाती नसलेल्या माणसाला पकडावं लागलं ते खंजिरीच्या भीतीनं, असं आमच्याकडे म्हणतात. हिंदीचा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय. "आपलं" म्हणजे शुद्ध मराठी असं विदर्भात कधीच नव्हतं.

आता कामाचं.

पहिली जागा तुमच्या शाळेतलंच कपाट. शाळा जुनी असेल तर दाखल-खारीज रजिस्टर असेल, नसेल तर जवळच्या जुन्या शाळेत असेल. १९२१, १९३०, १९४२ ही पानं काढा. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण असतं, कधी शेरा. आम्ही एका शाळेत १९३० ची पानं पाहिली. जुलैनंतर दहा-अकरा नावं लाल शाईनं छाटलेली, कारण "सतत गैरहजर". मुलं उड्या मारायला लागली, "सर, सत्याग्रह!" मी म्हटलं, थांबा, आधी १९२८ आणि १९२९ चा जुलै काढा. काढला, तर तिथंही तीन-चार नावं. जुलै म्हणजे निंदणाचे दिवस, पोरं शेतात जातात, आजही जातात. मग एकेक नाव घेऊन त्या घरी गेलो. चार पोरं सत्याग्रहाच्या छावणीत राहून आलेली निघाली. बाकीची निंदणावर. एक पोरगा तर मास्तरच्या माराला भिऊन मामाच्या गावी गेला होता, तो कोणत्याच चळवळीत नव्हता, पण छान गोष्ट सांगायचा. त्या चौघांपैकी दोघं वर्षभरानं परत त्याच शाळेत आले, पुन्हा नाव घातलं, कारण चौथी पास झाल्याशिवाय काही मिळत नव्हतं. रजिस्टरचं हे पान नीट वाचायला शिकवलं तर उपक्रमाचा अर्धा भाग तिथंच झाला. दोन सूचना: रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नका, आणि मुलांनी टिपलेली नावं जातीसकट भिंतीवर लावू नका. तो रकानाही त्या पानावर असतो आणि त्यावरून आमच्याकडे एकदा मोठा वाद झालाय.

दुसरी जागा तुमच्या झाडीपट्टीचीच आहे, मला तिचा हेवा वाटतो: दंडार, म्हणजे गावातली पोरं करायची ते लोकनाट्य. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, दंडारी व्हायच्या, त्यात तरुण पोरंच असायची. जुन्या दंडारीत साहेबाचं सोंग असायचं का, हे विचारा. टोपी कशाची केली होती? मोडकं मराठी कोण बोलायचं? त्याची वही कोणाकडे आहे? मी वर्ध्याचा, तरी तीन ठिकाणी मला "हो, साहेब होता" असं सांगणारं माणूस भेटलं. एकानं सांगितलं की साहेबाची सोला टोपी (हॅट) भोपळ्याची केली होती आणि शेवटच्या प्रवेशात ती फोडायची. दरवर्षी नवा भोपळा लागायचा.

तिसरी, पोळ्याच्या झडत्या, म्हणजे मोठ्यानं म्हणायची चिमटे काढणारी कवनं. बैलं तोरणाखाली उभी असतात आणि एकेक जण झडती म्हणतो, त्यात देवापासून पटवाऱ्यापर्यंत कोणालाही सोडत नाहीत. जुन्या झडत्या पाठ असलेलं एखादं माणूस गावात असतंच. सारा, जप्ती, कचेरीच्या खेपा हे सगळं त्यात येतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं दारोदारचे पळसाचे मेढे (फांद्या) उचलून "घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर नेतात. रोगराईबरोबर काय काय हाकलायचे, कोणाचं नाव घ्यायचे, हे विचारा. नागपूरला मारबतीचा, म्हणजे रोगराई-संकटाच्या पुतळ्याचा, मिरवणुकीनं निरोप होतो; तिथली काळी मारबत १८८१ पासूनची, त्यात इंग्रजांवरचा राग मिसळलेला असतो असं सांगतात. तुमच्या गावात कोणाचा राग होता ते गावच सांगेल. इंग्रजाऐवजी नाकेदाराचंच नाव निघालं तर लिहून घ्या, दुरुस्त करू नका.

चौथं, मुली. या विषयावरची जवळपास सगळी लिखाणं पोरांबद्दलची आहेत, माझ्या वह्याही. मुली फेर धरून म्हणायच्या ती भुलाबाईची गाणी अनेक जातींत म्हटली जायची. त्यात सासर-माहेर तर असतंच, पण मध्येच आगगाडी येते, शिपाई येतो. दहा आजींना गाणी विचारा, एखादीत असं काही निघालंच तर वर्गात वाचून दाखवा. माझं हे काम राहून गेलं, कारण मी पुरुष मास्तर, आज्या माझ्यापुढे गायच्या नाहीत. तुमचं तसं नाही.

पाचवं सांगायचं नव्हतं, पण सांगतो. कोणी बढाई मारली तर तोडू नका. माझ्या कोटवाल्या आजोबांना मी जर म्हटलं असतं "खोटं बोलता", तर पेटी उघडलीच नसती. आजीनं सुधारलं ते घरचं होतं. तुम्ही बाहेरच्या, तुम्ही फक्त विचारा, "आणि मग घरच्यांनी काय म्हटलं?" बऱ्याचदा खरी गोष्ट त्या प्रश्नात असते, आणि ती आतल्या खोलीतून येते.

तुम्ही विचारलंय की गुण कसे द्यायचे. मी तरी मोठी गोष्ट आणणाऱ्याला जास्त गुण द्यायचो नाही. ज्यानं एका घरात दोनदा जाऊन दुसऱ्यांदा वेगळं ऐकलं आणि दोन्ही लिहून आणलं, त्याला द्यायचो.

सोमवारी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागा. १९३० ची पानं सापडली तर आधी १९२८ काढा, आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळवा.